माजिवड्याचं उजवं वळण

माझ्या सोल्डरिंगला नाव ठेवणारा माणूस तेव्हा डोंबिवलीत नव्हता, आजही नसेल. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत टीव्हीचे बोर्ड जोडणाऱ्या एका कारखान्यात मी कामाला होते. ऐंशी संपून नव्वद उजाडायचा तो काळ. दिवसभर कारखान्यात सोल्डरचे डाग द्यायचे आणि श्रावण लागला की घरी गणपतीची कामं घ्यायची. मखरातले पळते दिवे, ज्यांना मंडळाची पोरं ‘रनिंग’ म्हणायची, ते आमच्या भागात निम्मे माझ्या ओट्यावर तयार व्हायचे. एक आयसी ठेका धरायला, दुसरी कुणाची पाळी आली ते मोजायला, आणि प्रत्येक दिव्यामागे एक ट्रान्झिस्टर. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, एकीकडे सोल्डरचा धूर. नवरा मुकाट्याने भाजी चिरायचा, कारण ओटा माझ्या ताब्यात असायचा.

हे सांगतेय ते बढाई म्हणून नाही. बरं, थोडी बढाई म्हणूनच. पण पुढे जे झालं ते या गणपतीच्या कामामुळेच झालं.

माझे बाबा खोपटच्या डेपोतले बस ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटात आणि कोकणात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, दुधाच्या रंगाची गाडी घेतली, गिअर स्टिअरिंगलाच असलेली. बसमधून उतरले तरी बाबा बसच चालवत होते. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात खांद्यापासून पूर्ण खिडकीबाहेर. गाडीला इंडिकेटर होते, पण बाबा त्यांना काजवे म्हणायचे.

“लुकलुकतोय तो वळणार म्हणून की वायर सुटलीय म्हणून, मागच्याला काय कळणार?” ते म्हणायचे. “हात कसा, कुठे जायचं ते दाखवतो.”

डेपोतल्या ड्रायव्हरांची आणखी एक रीत त्यांच्या अंगात भिनलेली होती. कुणी थांबून वाट दिली की जाताना हात दाखवायचा. “हात घेतला की हात द्यायचा,” असं ते म्हणायचे, आणि हात न देणाऱ्या ड्रायव्हरचा जेवताना पानावर बसूनही उद्धार करायचे. आईला हे सगळं पाठ होतं. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून तिने ते इतकं ऐकलं होतं की ती कंटाळून खिडकीबाहेर बघायची.

दर रविवारी ही दोघं खोपटहून भिवंडी-कल्याणमार्गे माझ्याकडे डोंबिवलीला यायची. आई डब्यातून सोलकढी आणायची आणि बाबा माझ्या घरातला जो नळ गळत नसेल तोही उघडून बघायचे. मग एका पावसाळ्यात बाबांचा उजवा खांदा धरला. स्टिअरिंग फिरवता यायचं, पण हात खिडकीपर्यंत वर यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, सुटेल, पण वेळ लागेल.

तरी बाबा गाडी काढायचे. जाताना भिवंडीच्या नाक्यावर एक मोठं उजवं वळण, पण तिथे पोलीस उभा असायचा, तो हात दाखवून सोडायचा. येतानाचं माजिवड्याचं वळण मात्र वाईट. नाशिककडून हायवेने यायचं आणि खोपटसाठी उजवीकडे शिरायचं. मागून ट्रक, समोरून ट्रक, आणि पूल बांधायचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. एका रविवारी बाबांनी तिथे काजवा लावला आणि गाडी वळायला घेतली. मागच्या ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही. ट्रक उजव्या बाजूने इतका जवळून गेला की बाबांच्या दरवाज्याचा आरसा तुटून रस्त्यावर पडला.

दोघांना खरचटलंही नाही. पण आई घरी येऊन म्हणाली, “मी ह्या गाडीत आता पाय ठेवणार नाही. विका ती.”

बाबांनी वाद घातला नाही, आणि मला तेच सहन झालं नाही. जो माणूस चहात साखर कमी पडली तरी भांडतो, त्याने किल्ली गुपचूप खिळ्याला अडकवली आणि गॅलरीत जाऊन बसला. खोपटला आमच्या गॅलरीतून डेपोच्या फाटकातून निघणाऱ्या बस दिसायच्या. रविवारमागून रविवार गेले, दोघं डोंबिवलीला आली नाहीत. मी गेले तेव्हा कळलं, कल्याणचं कुणी गिऱ्हाईक गाडी बघून गेलं होतं आणि दिवाळी झाली की नेणार होतं. बाबा मला म्हणाले, “नाहीतरी हाताशिवाय ड्रायव्हर म्हणजे काय गं.”

मला राग आला की माझा आवाज चढतो. “गिऱ्हाइकाला सांगा थांब म्हणून,” मी म्हणाले. “हात मी करून देते.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “तू काय लाकडाचा हात लावणारेस गो त्यांना?”

“गाडीला लावणारे.”

डोक्यात चित्र स्पष्ट होतं. मागच्या इंडिकेटरच्या जागी प्रत्येक बाजूला पाच-पाच दिवे, एकामागून एक पेटत जाणारे, म्हणजे उजेडच हातासारखा वळायच्या बाजूला सरकेल. ब्रेकच्या दिव्यांना हात लावायचा नाही. नुसतं लुकलुकणं नको, सरकणं हवं. आणि दिवे सरकवण्यात माझा हात कोण धरणार?

गणपती नुकतेच आटोपले होते, त्यामुळे सुटे भाग घरात होतेच. डोंबिवलीत पाट्या बनवणाऱ्याकडून पिवळ्या ॲक्रिलिकच्या दोन लांबट पेट्या करून घेतल्या. मखरातले दिवे बारके असतात, गाडीचे भरउन्हात दिसायला हवेत, म्हणून ट्रान्झिस्टर जाडे घेतले आणि ते तापू नयेत म्हणून त्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मारल्या. सगळं सर्किट डिकीत ठेवता येईल अशा एका स्टीलच्या डब्यात बसवलं. डबा आईचा होता, पोह्यांचा. तो गेल्याचं तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने पोहे दुसऱ्या डब्यात भरले.

दिव्यांचा वेग लावायला मी खोपटला जाऊन बाबांना समोर बसवलं. पेटी टेबलावर, बॅटरी खाली, माझ्या हातात छोटा स्क्रूड्रायव्हर.

“हात कसा काढायचात ते दाखवा.”

उजवा वर येईना, म्हणून त्यांनी डाव्या हाताने दाखवलं. आधी झरकन बाहेर, मग क्षणभर स्थिर, मग आत.

“हे तुझं फारच पळतंय,” दिव्यांकडे बघून ते म्हणाले. “विसर्जनाची मिरवणूक आहे का? मागच्याला वाचता आलं पाहिजे.”

मी वेग कमी केला. ते पुन्हा हात काढायचे, मी पुन्हा स्क्रू फिरवायची. त्यांचा डावा हात आणि टेबलावरचा उजेड बरोबर चालायला लागले तेव्हा त्यांनी हात खाली केला, तरी दिवे चालतच राहिले. उजवा हात इतका वेळ मांडीवर पडून होता. लावलेला वेग हलू नये म्हणून मी स्क्रूवर लाखेचा थेंब सोडला.

पेट्या गाडीला बसवल्या त्या सकाळी बिल्डिंगखाली चाचणी घेतली. बाबा स्टिअरिंगवर, मी त्यांच्या शेजारी, आणि आईला मागे उभं केलं. गाडीत बसणार नाही म्हणाली होती, मागे उभं राहणार नाही असं म्हणाली नव्हती.

बाबांनी उजवा इंडिकेटर दिला. “दिसतंय?” मी ओरडले.

“दिसतंय तर,” आई म्हणाली. “डावीकडे चाललायत.”

“आई, उजवा लावलाय.”

“उजव्या बाजूचाच पेटलाय गो. पण पळतोय डावीकडे.”

मी तणतणत उतरले. माझ्या दिव्यांची दिशा आई मला शिकवणार? मागे येऊन बघितलं. पाचही दिवे अगदी सुंदर, एकसारख्या चालीने पळत होते. बाहेरच्या टोकाकडून निघायचे आणि गाडीच्या मध्याकडे जायचे. बाबांना डावा लावायला सांगितला. तोही तसाच, बाहेरून मध्याकडे. चुकलंय कुठे हे मला कळायला थोडा वेळ लागला. आईला नाही लागला.

“अगो बाय,” ती कपाळाला हात लावून म्हणाली, “हे गणपतीचं केलंयस तू.”

खरंच होतं. मखरातले दिवे दोन्ही बाजूंनी मध्याकडेच पळवायचे असतात, बघणाऱ्याची नजर मूर्तीवर गेली पाहिजे म्हणून. इतकी वर्षं मी पहिली वायर बाहेरच्या दिव्याला जोडत आले होते. हातांनी मला न विचारता तेच केलं होतं. फक्त इथे मधोमध गणपती नव्हता, नंबर प्लेट होती. बाबा आत बसून इतके हसले की खांदा दुखला म्हणून कण्हले आणि पुन्हा हसले. ते हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला माझ्या चुकीचं मुळीच वाईट वाटलं नाही.

दुरुस्ती किरकोळ. पहिल्या आणि पाचव्या दिव्याच्या वायरींची अदलाबदल, दुसऱ्या-चौथ्याची अदलाबदल, मधला आपल्या जागी. दोन्ही पेट्या दुपारच्या जेवणाआधी झाल्या. आईने पुन्हा मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाली, “आता उजवीकडे जातोय.” मग जिना चढता चढता म्हणाली, “रस्त्यावर बघू.”

पुढच्या रविवारी ती नेसून तयार होती. मी आदल्या दिवशी मुद्दाम खोपटला राहायला गेले होते, मागच्या सीटवर बसले. भिवंडीच्या नाक्यावर पोलिसाने सोडलं. डोंबिवलीला नवऱ्याच्या हातचं जेवलो. संध्याकाळी परत निघालो. आईने दरवाज्याचा दांडा कल्याणपासून धरला होता.

माजिवडा आलं. बाबांनी लांबूनच उजवा इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याच्या मध्याकडे घेतली. आमच्या मागे लगेच ट्रक होता, वर देवाचं नाव, खाली लिंबू-मिरची. मी सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत बसले. माझे दिवे मला आतून दिसत नव्हते, पण ट्रकच्या बंपरवर पिवळा उजेड सरकताना दिसत होता. बाबांच्या हाताच्या चालीने, बाहेर, क्षणभर स्थिर, पुन्हा बाहेर.

ट्रकवाल्याने बघितलं. ट्रकचा वेग कमी झाला. मग त्याने स्वतःचा उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि तळवा खाली करून हलवला, मागून ओव्हरटेक करायला निघालेल्यांना थांबवायला.

“बाबा, त्याने हात दिला!” मी ओरडले.

“दिसला,” बाबा म्हणाले. त्यांनी नवा आरसा बसवून घेतला होता. समोरून येणारी एक बस गेली, आणि त्यांनी सावकाश, डेपोत बस लावावी तशी गाडी उजवीकडे घेतली.

वळताना त्यांचा उजवा खांदा उचलला गेला, सवयीने. हात खिडकीच्या काठापर्यंतही पोचला नाही. ते काहीतरी पुटपुटले आणि त्यांचं तोंड कडू झालं. मला कळलं काय ते. हात घेतला होता आणि द्यायला हात नव्हता. गाडीला मी वळायचा हात लावला होता, आभाराचा लावायचा राहिला होता.

ट्रक आमच्या डाव्या बाजूने सरळ निघाला होता, म्हणजे आईच्या बाजूने. आईने दरवाज्याचा दांडा सोडला. काच खाली होतीच. तिने हिरव्या बांगड्यांचा हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि ट्रकवाल्याला दाखवला, अगदी खोपटच्या ड्रायव्हरासारखा. ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

हात आत घेऊन तिने पदर सारखा केला. “त्या कल्याणवाल्याला उद्या फोन करा,” ती बाबांना म्हणाली. “गाडी विकायची नाही म्हणून सांगा.”