सासऱ्यांनी निवडलेले मासे

सासरे आमच्याकडे आले ते जायचा बेत सांगतच. "दिवाळी झाली की मी जातंय," ट्रंक खाली ठेवायच्या आधीच ते म्हणाले. सासूबाईंना जाऊन काही महिने झाले होते. मालवणजवळच्या घरात ते एकटेच होते आणि माझ्या नवऱ्याने त्यांना जवळजवळ ओढूनच बेंगळूरला आणलं होतं. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. जयनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो.

ते आले म्हणून मी मात्र हरखले होते. मी बँकेत नोकरीला होते, मुलगी चार वर्षांची होती आणि तिची शाळा दुपारीच सुटायची. तिला सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती, दुसरी मिळता मिळत नव्हती. सासरे राहिले तर माझी नोकरी राहणार, ते गेले तर मला राजीनामा द्यावा लागणार, इतकी सरळ गोष्ट होती. मॅनेजरांच्या कानावर मी घालूनही ठेवलं होतं की दिवाळीनंतरचं काही सांगता येत नाही.

पण त्या माणसाचं इथे मनच लागेना. त्यातून आमच्या घरमालकीणबाई. पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी कुटुंबातल्या, कडक शाकाहारी, निम्मं कानडी मिसळून मराठी बोलणाऱ्या. घर देताना त्यांनी एकच अट घातली होती, "मासे घरात आणायचं नाही हं. बाकी सगळं सरी, चालतंय." मी पुण्याची, वरणभातावर वाढलेली, मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. सासऱ्यांचा मात्र सगळा जन्म सकाळी बाजारात जाऊन, मासे पारखून, कोळणींशी हुज्जत घालून पिशवी भरून आणण्यात गेलेला. इथे सकाळ झाली की ते गच्चीत खुर्ची टाकून शेजारच्या नारळाकडे बघत बसायचे. वेळ झाली की नातीला शाळेतून आणायचे, भात भरवायचे आणि पुन्हा खुर्चीत. बोलणं म्हणजे हो नाहीतर नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस नवऱ्याचा एक सहकारी परदेशी निघाला आणि आपली रिकामी काचेची टाकी आमच्या गळ्यात मारून गेला. असेल दोनेक फुटांची. मुलीने मासे हवेत म्हणून घर डोक्यावर घेतलं. रविवारी आम्ही निघालो तर आमच्याआधी सासरे चपला घालून खाली तयार. मासे आणायला जायचं म्हटल्यावर ते मागे राहणं शक्यच नव्हतं.

दुकान म्हणजे एका गल्लीतली अंधारी खोली, भिंतीभर टाक्या आणि पंपांची घरघर. मुलीला सगळेच मासे हवे होते. मला लवकर घरी जाऊन कुकर लावायचा होता. सासरे मात्र एकेका टाकीपुढे हात पाठीमागे बांधून उभे. डोळे तजेलदार आहेत का, कल्ले कसे हलताहेत, कोण कोपऱ्यात मरगळून बसलाय, सगळं बघत होते. मुलीने निवडलेले इवलेसे गप्पी त्यांनी मुकाट्याने चालवून घेतले, पण दुकानदाराने किंमत सांगताच त्यांच्यातला मालवणी जागा झाला. "येवढ्या पैशात येवढोसो?" मग त्यांनी कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट दाखवलं. तळहाताएवढा मासा, काळसर अंग, त्यावर शेंदरी ठिपके. "ह्यो घेवया. ह्यो मासो दिसता तरी." ऑस्कर म्हणतात त्याला, दुकानदार म्हणाला. गप्प्यांबरोबर चालेल का, असं मी विचारलं, तर तो घाईघाईने "चलेगा, चलेगा" म्हणत पिशवीला गाठ मारू लागला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी रंग आला होता. मीही जास्त चौकशी केली नाही.

पुढे काय झालं ते मासे पाळलेल्या कुणालाही सांगायला नको. आधी एक गप्पी दिसेना. मग दुसरा. मुलगी म्हणाली, लपलेत. सासरे खुर्ची गच्चीतून उचलून टाकीसमोर घेऊन बसले, आणि तिसरा गेला तो त्यांच्या डोळ्यांदेखत. शेवटचाही गेला तेव्हा मुलीने भोकाड पसरलं. "आजोबा, तुमच्या माशाने माझे सगळे मासे खाल्ले!"

संध्याकाळी मी बँकेतून आले तर पलंगावर ट्रंक उघडी, त्यात धोतरं घडी करून ठेवलेली. दिवाळीचीही वाट बघायची नव्हती त्यांना. "माका हय काय कळणा नाय," ते म्हणाले. "जन्मभर मासे बघलंय, आणि मासोच कळाक नाय."

माझा राग तसा नाकावरच असतो. दिवसभर काउंटरवर लोकांची बोलणी ऐकून आलेले, आणि समोर ती ट्रंक. सून म्हणून काय बोलावं, काय बोलू नये, ते सगळं मी विसरले. "पुरे झालं, बाबा! एका माशाने चार मासे खाल्ले म्हणून कुणी घर सोडतं का? तुम्ही जन्मभर किती खाल्लेत? मग तुम्हाला तर कोकणातसुद्धा कुणी ठेवून घ्यायला नको!"

बोलून गेले आणि माझी मलाच धडकी भरली. मग सासऱ्यांच्या मिशा हलल्या. "माझ्याकडे सोलकढी तरी होती गो," ते म्हणाले आणि खो खो हसत सुटले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांचं हसू ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नातीला शेजारी सोडून, ऑस्करला झाकणाच्या बादलीत घालून ते एकटे रिक्षाने दुकानात गेले. भाषा ना कानडी येत, ना धड हिंदी. तरी तिथे स्टूलावर ठाण मांडून त्यांनी स्थळाची करावी तशी एकेका माशाची चौकशी केली. मोठा झाल्यावर केवढा होतो, स्वभाव कसा, एकटा राहतो की चारचौघांत, इतरांच्या शेपट्या तोडतो का. सोनेरी मासे दुकानदार गळ्यात मारत होता, पण ते फार वाढतात आणि पाणी घाण करतात हे त्याच्याचकडून वदवून घेऊन त्यांनी नकार दिला. ऑस्करच्या बदल्यात घरी आणल्या तीन तांबड्या प्लॅटी आणि पाण्याच्या वरच्या थरात पळणारे थोडे पट्टेवाले झेब्रा मासे. टाकी मला रिकामी रिकामी वाटली. "ह्या पाण्यात येवढेच रवतले," ते म्हणाले आणि विषय संपवला.

एकही मेला नाही. नळाचं पाणी बादल्यांत भरून रात्रभर उघडं ठेवायचं, मग थोडंथोडं बदलायचं, हे त्यांचंच काम होतं. या बादल्या बघून वर मासे धुतले जातात असा मालकीणबाईंना संशय आला आणि त्या तावातावाने वर आल्या. टाकी बघितली. मग म्हणाल्या, "हे सरी आहे. स्वल्प सरका अण्णा, मला दिसत नाही." त्यानंतर त्या जपाची माळ घेऊन दुपारी वरच येऊन बसायला लागल्या.

इतकं सगळं जमल्यावर ते राहतील अशी माझी खात्रीच झाली होती. पण दिवाळी झाली आणि ते बोलल्याप्रमाणे निघाले. किती चिमूट खाणं घालायचं ते नातीला शिकवलं आणि एसटीत बसून गेले. त्यांना अडवायचा हक्क मला नव्हता. त्यांचं घर होतं ते. मी मॅनेजरांना सांगितलं, हा महिना शेवटचा; तेवढे दिवस मुलीला शेजारी सांभाळतील. मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

महिना संपायच्या आत, एका सकाळी मी डबा भरत असताना दारात रिक्षा थांबली. ट्रंक, नारळांचं पोतं आणि सासरे. चपला न काढता ते आधी टाकीपाशी गेले, वाकून मासे बघितले आणि पाणी केव्हा बदललं होतं ते विचारलं.

"बाबा, काही विसरलं होतं का?" मी डबा हातात धरूनच विचारलं.

"थय जो येता तो माका बिचारो म्हणता गो," टाकीकडेच बघत ते म्हणाले. "माझ्याशी भांडाक थय कोण नाय."

मी त्यांना चहा करून दिला, पर्स उचलली आणि नेहमीची बस पकडली. निवृत्त होईपर्यंत मी ती नोकरी केली. त्यांच्यामुळे केली.