अष्टनारानची फेरी

अष्टनारान कपाली हा आमच्या पाटणमधल्या गल्लीचा शिंपी. तळमजल्यावरच्या ठेंगण्या खोलीत त्याचं यंत्र, आणि खोली इतकी बुटकी की गिऱ्हाईक वाकूनच आत यायचं. तो म्हणायचा, "मापं घ्यायला सोपं जातं. माणूस आधीच नमलेला असतो." पहाटे तो गल्लीच्या टोकाला भैरवाच्या देवळात सनई वाजवायचा. कपाली जातीचं ते पिढीजात काम. मग चहा पिऊन यंत्रावर बसायचा.

माझी आई शेवटच्या तीन-चार वर्षांत फार वाळली. दर दसैंला, म्हणजे दसऱ्याच्या सणाला, तो तिच्या जुन्या चोळ्या मागून न्यायचा आणि शिवणी आत घेऊन परत करायचा. "कापड जुनं झालं की सैल पडतं, आमा," असं तिला सांगायचा. आईनं ते शेवटपर्यंत खरं मानलं. निदान तसं दाखवलं.

फाल्गुनात आई गेली. आम्ही शाक्य, बुद्धाचे उपासक. ज्यांच्या घरचं माणूस त्या वर्षात गेलं, त्यांनी श्रावणातल्या मतया जत्रेला अनवाणी निघायचं आणि शहरातल्या झाडून सगळ्या बहालांत, म्हणजे जुन्या विहारांत, सगळ्या चैत्यांपुढे त्या माणसाच्या नावानं वात लावायची, ही आमची रीत. पहाटे निघालेली रांग संध्याकाळी परतते. चैत्य हजाराच्या वर. गेलेल्या माणसासाठी हे एकदाच, त्या पहिल्या वर्षीच करता येतं.

जत्रेच्या बारा दिवस आधी मी पाण्याची कळशी घेऊन जिन्यावरून पडले आणि घोटा मोडला. भाचा सुजन सिडनीत. त्याला रजा नव्हती. घरात दुसरं कोणी नाही. प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून मी वाती वळत बसायचे, आणि त्या कोण लावणार हे मला ठाऊक नव्हतं.

अष्टनारान उसवलेली गादीची खोळ शिवून द्यायला आला. मी शाळेत शिकवायचे, म्हणून तो मला गुरुमा म्हणायचा. वातींचा ढीग पाहून म्हणाला, "गुरुमा, एवढ्या वाती आणि एकच पाय?"

मी सुजनच्या रजेचं सांगितलं. त्यानं खोळ खाली ठेवली. "मी जातो."

त्याच वेळी आमच्या बहालातले सगळ्यांत वडील, हेराकाजी आजू, माझी चौकशी करायला वर आले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, कानानं कमी, जिभेनं भरपूर. ते म्हणाले, "तू? तू भैरवाचा माणूस. आमच्या चैत्याला जाऊन काय सांगशील?"

"शेजारून आलोय म्हणून सांगेन."

"थट्टा नको. हे रक्ताच्या माणसानं करायचं असतं."

अष्टनारान जमिनीवर नीट बसला. "आजू, सातव्या दिवशी आमांच्या नावाचं भाताचं ताट कुणाकडे आलं?"

गेलेल्या माणसाच्या नावाचा सातव्या दिवसाचा भात कपालीलाच द्यायचा, ही या शहराची रीत. दुसऱ्या कुणी खाल्ला तर तो भात गेलेल्या माणसाला पोचत नाही.

"त्यांच्या नावचं जेवलोय मी," अष्टनारान म्हणाला. "जेवायला चालतो, मग चालायला का नाही चालत?"

आजूंनी काठी आपटली. "जा. पण नेम आहे तो. वात ज्यानं उचलली त्याच्याच हातानं लागली पाहिजे. एकही चैत्य सुटला तर फेरी अपुरी."

जत्रेच्या दिवशी पहाटेपासून भुरभुर पाऊस होता. बासष्ट वर्षांचा अष्टनारान, डोक्यावर टोपी, गळ्यात वाती आणि तांदळाची झोळी, पाय उघडे, रांगेत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी भैरवाकडे सनई त्याच्या चुलतभावानं वाजवली.

मला चौघांनी खुर्चीसकट उचलून बहालाच्या आतल्या चौकात ठेवलं होतं. रांग आमच्याकडे दुपारी येते, तेव्हा चालणाऱ्यांना पाणी द्यायचं काम मी मागून घेतलं होतं. शेजारी आजू, छत्री धरून.

रांग आली. बायका, म्हातारे, कडेवर मुलं घेतलेले बाप, सगळ्यांचे पाय पोटरीपर्यंत चिखलाचे. एकेक जण आत येऊन चैत्यापुढे वात लावून बाहेर पडत होता. मला अष्टनारानची टोपी दिसली. तो दारापाशी आला, उंबऱ्याच्या अलीकडे थांबला, टोपी काढली, आणि हातातली पेटती वात मागच्या मुलीला दिली. तिनं आत येऊन आपली आणि त्याची अशा दोन वाती लावल्या.

पूर्वी कपालींना असल्या आतल्या चौकात पाऊल टाकू देत नसत. आता कोणी अडवत नाही, किती वर्षं झाली. पण ते पायांना कळायचं राहून गेलं होतं.

आजूंनीही पाहिलं. "काय रे अष्टनारान, आत पाऊस जास्त लागतो का?"

त्यानं खाली पाहिलं. आपण कुठे थांबलो आहोत हे त्याला तेव्हाच दिसलं असावं. चेहरा पार उतरला.

"सकाळपासून असं किती ठिकाणी केलंस?" आजूंनी विचारलं.

त्यानं मनात बहाल मोजले. "चार. रस्त्यावरचे, उघड्या अंगणांतले सगळे मीच लावले, आजू. आतल्या चौकांचे तेवढे चार. हा पाचवा."

"मग ते पाच त्या पोरीच्या हातचे झाले."

मी म्हटलं, "राहू दे हो आजू. अष्टदादा, तुम्ही एवढं केलंत, पुष्कळ झालं."

अष्टनारान माझ्याकडे वळला. "गुरुमा, माझा धाकटा तुमच्या वर्गात होता. वीस गणितांतली पाच सोडली की तुम्ही पुष्कळ झालं म्हणायचात?"

तो उंबरा ओलांडून आत आला, जरा आखडून, थंड पाण्यात पाय घालावा तसा. आमच्या चैत्यापुढे त्यानं स्वतःच्या हातानं वात लावली. मग धावत जाऊन रांगेतली आपली जागा पकडली, कारण रांग कुणासाठी थांबत नाही.

आजू छत्री माझ्या हातात देऊन म्हणाले, "रांग संपेपर्यंत त्या राहिलेल्या चार चौकांची दारं लावून घेतील. हा मागे फिरून एकटा गेला तर कडी वाजवायचा नाही. ओसरीवरून परत येईल." आणि काठी टेकत त्याला गाठायला निघाले.

दिवेलागण उलटून गेल्यावर दोघं परत आले. आजू अष्टनारानच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. दोघांतला जास्त दमलेला कोण ते सांगता आलं नसतं.

"चारी झाले," आजू म्हणाले. "तिसऱ्या दारात हा परत थबकला. मी मागून ढकलला."

"ढकललंत कुठे? उंबऱ्याला अडखळून माझ्या अंगावर पडलात."

"आत गेलास ना? मग."

मला रडू आवरेना. मी पाया पडायला वाकू लागले, तर अष्टनारान दचकून मागे सरला. "गुरुमा, मोडलेल्या पायावर वाकू नका, परत पडाल. मग पुढच्या वर्षी तुमच्यासाठी चालावं लागेल मला."

शेजारणींनी स्वयंपाक केला होता. पोहे, म्हशीचं मटण, अंडं, घरची दारू. अष्टनारान ओसरीवर बसायला लागला तेव्हा आजूंनी नुसतं जिन्याकडे बोट दाखवलं. मला पुन्हा खुर्चीसकट वर नेलं आणि चुलीपाशी आम्ही तिघं एका रांगेत जेवलो. तो इतक्या वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात कधी आला नव्हता, आणि मी कधी बोलावलंही नव्हतं, हे मला घास तोंडात असताना जाणवलं. त्याचे तळवे सोलवटले होते. मी कोमट तेलाची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

तेल चोळता चोळता तो थांबला. "गुरुमा, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"आमांचं नाव काय होतं?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"तीस वर्षं चोळ्या शिवल्या, पण वहीत 'गुरुमांच्या आई' असंच लिहिलेलं. आज दिवसभर तेच म्हणत वाती लावल्या. गुरुमांच्या आईला पोचो, गुरुमांच्या आईला पोचो. आता वाटतं, नाव नसेल तर..."

"रत्नशोभा," मी म्हटलं.

त्यानं ते नाव दोनदा पुटपुटलं आणि काळजीनं आजूंकडे पाहिलं.

आजूंनी दारूचा शेवटचा घोट घेतला. "पोचलं रे. ही मास्तरीण झाल्यापासून हिच्या आईला रत्नशोभा म्हटलं तर ती वळूनसुद्धा बघत नव्हती."