बॅकअपमधली घट

लातूरच्या एका डाळमिलमधल्या कॉम्प्युटरांचं काम माझ्याकडे होतं. एकाच सर्व्हरवर सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले सहा कॉम्प्युटर, चालायची. त्यांतलं एक वजनकाट्याचं. काट्यावर चढलेल्या प्रत्येक ट्रकचा फोटो त्यात राहायचा. एका सकाळी गोदामातले डाळीचे कट्टे गायब झालेले आणि सर्व्हर कुणीतरी लोखंडी मापाने ठेचलेला. नशीब, पहाटेचा बॅकअप त्याआधीच झाला होता.

गोदामाची किल्ली हमालाकडे असायची. देवणीकडचा माणूस, अंगाने माझ्या दुप्पट. मी पोचलो तेव्हा मालक त्याला खांबाला बांधून भरडायच्या मशीनच्या जुन्या पट्ट्याने बदडत होता. पाठ फुटली होती आणि शर्ट रक्ताने अंगाला चिकटला होता.

ट्रकचा फोटो बॅकअपमध्ये मिळेल, तोवर हात आवरा, असं मी म्हणालो. बॅकअपची डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली, तर मालक पडद्याकडे बघतच राहिला. सहा मशीनची रोजची पूर्ण कॉपी, तीही महिनाभराची, आणि डिस्क अर्धीसुद्धा भरलेली नाही. त्याचा जन्म डाळ भरडण्यात गेलेला. घट दिसली की चोरी, एवढंच त्याला ठाऊक. तूर भरडली तर चुनी-भुसा तरी निघतो, हा माल कुठं जिरवला, म्हणत त्याने पट्टा माझ्या तोंडावर ओढला. दात ओठात घुसला. सगळ्या मशीनमध्ये बराचसा डेटा सारखाच असतो, सारखा तुकडा एकदाच ठेवतात, बाकी ठिकाणी नुसती खूण, असं मी रक्त थुंकत सांगत होतो. गाढवापुढे वाचली गीता. तोच पट्टा त्याच्या गळ्यात आवळावासा वाटत होता मला.

लॅपटॉपवर वजनकाट्याचं मशीन पुन्हा उभं राहिलं. एकही फोटो गळला नव्हता. रात्रीच्या ट्रकच्या फोटोत ड्रायव्हरशेजारी मालकाचा सख्खा पुतण्या बसलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुतण्या तिथंच दारात उभा होता. त्याला कुणी बोटही लावलं नाही. घरातली गोष्ट हाय, फोटो पुसून टाक, एवढंच मालक मला म्हणाला. मी नाही म्हणताच आणखी एक पट्टा बसला.

मी डिस्क आणि लॅपटॉप पिशवीत टाकले आणि हमालाची दोरी सोडली. त्याचा डावा हात नुसता लोंबत होता. मघापासूनचं माझं बोलणं त्याने ऐकलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "मला मारलेलं बी एकदाच धरत्यात का?"

नाही, प्रत्येक वळ वेगळा धरतात, असं सांगून मी त्याला मोटारसायकलवर बसवलं आणि पोलीस ठाण्याकडे निघालो.