हळू आवाजातली सुटी

मी रिसोडच्या धान्यबाजारात अडत्या आहे. सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभं राहून शेतमालाचा लिलाव, आमचा हर्रास, बोलायचा, म्हणजे आवाज हेच माझं भांडवल. लेकीनं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला अंदमानातल्या एका निवांत बेटावरचं महागडं रिसॉर्ट ठरवलं, तेव्हा या भांडवलाचा विचार कोणीच केला नाही. मीसुद्धा नाही.

कड्याच्या टोकावर आमची कॉटेज. खाली समुद्र, आणि शांतता अशी की हातातला चमचा पडला तर आपणच दचकावं. पाहुणे एकमेकांशी डोळ्यांनीच बोलत होते. पहिल्या सकाळी मी बाहेर गच्चीवर उभा, बायको आत न्हाणीघरात.

"माहा चष्मा कुठं ठेवला वं?"

"माह्या डोस्क्यावर! मले काहून विचारता?"

"मंग कोणाले विचारू, समुद्राले?"

आमच्याकडे याला बोलणं म्हणतात. शेजारच्या कॉटेजमधल्या गोऱ्या म्हातारीला मात्र आत खून होतोय असं वाटलं असावं. थोड्याच वेळात दारावर टकटक. मॅनेजरबाई. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही, बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, आप ठीक हैं? चाहें तो आपको दूसरा कमरा दे सकते हैं."

मला वाटलं, बायको हसेल, सांगेल की हा माणूस असाच बोलतो. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, "समंदर दिखता क्या उधर से?"

दिसत होता. बायको उशी काखेत मारून निघून गेली.

मी खुर्ची कड्यापासून लांब, भिंतीला टेकवून बसलो. चहा आणणाऱ्या वेटरनं कप दुरूनच ठेवला. मी सज्जनासारखा हसलो, तर तो आणखी मागे सरकला. बाजारात मला हमालही घाबरत नाहीत. इथं आयुष्यात पहिल्यांदा मी गुंड ठरलो होतो, आणि तेही चष्म्यापायी.

ऊन उतरल्यावर तिला आणायला गेलो. दार वाजवून कुजबुजलो, "येतं का वं? चहा घेऊ."

ती बघतच राहिली. "बाप्पा! हा आवाज एवढे वर्सं कुठं लपून ठेवला होता?"

"झोप झाली?"

"लय मस्त. पण उठल्यावर बोलाले कोणी नोतं."

ती परत आली, पण मॅनेजरबाईला तिनं खरं काही सांगितलं नाही. रोज सकाळी तिची विचारपूस व्हायची, सोबत फळांची ताटली. मी पपईची फोड मागितली की म्हणायची, "हळू मांगा."

तिथून निघेपर्यंत मी हळूच मागत राहिलो. सवयच लागली. वाशीमला गाडीतून उतरलो, तर स्टेशनबाहेर एकच ऑटो उभा. मी दोनदा नाजूकपणे हाक मारली. ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली. तेवढ्यात माझ्या कानाशी अशी आरोळी उठली, की ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि फलाटावरचे दोघं-तिघं वळून बघू लागले.

"काय बघता?" बायको म्हणाली. "बॅगा उचला."