मागची खोली

मुलांनो, राजारामपुरीतल्या आपल्या घराची मागची खोली महापालिकेने धोकादायक ठरवली, तेव्हा तिथे आपली जुनी भाडेकरीण राहत होती. ती साड्यांना फॉल-पिको करायची आणि मला आक्का म्हणायची. दुरुस्तीसाठी बँकेने कमी व्याजाचे कर्ज दिले, पण आधी खोली रिकामी करण्याची अट घातली. ती लेकीकडे गडमुडशिंगीला गेली. शिलाई मशीन मात्र तिने नेऊ दिले नाही. "मशीन गेलं तर खोलीबी गेली म्हणायची. हितंच ऱ्हाऊ दे, आक्का."

कर्जाचा पुढचा हप्ता तपासणीनंतरच मिळे, आणि तपासणीला कुणी येत नसे. काम रखडले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. फोनवर ती विचारायची, "भिंत झाली का?" पुढे लेकच फोन घेऊ लागली. "आईला आता काय कळंना झालंय," म्हणायची.

खोली पूर्ण झाल्यावर मी रिक्षा करून तिला आणायला गेले. ती अंगणात बसली होती. मला बघून हसली आणि लेकीला म्हणाली, "पावण्यास्नी च्या टाक की."

मी म्हणाले, "खोली तयार आहे."

"कुणाची?"

"तुझी."

तिने मान हलवली, परक्या माणसाच्या बोलण्याला हलवावी तशी.