आधी गार, मग गरम

शेवगावच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या आंघोळीचं पाणी तापवायचं काम रतनबाईकडं होतं. नवरा गेल्यावर बारक्या विमलला कडेवर घेऊन ती कामाला लागली आणि बंबात लाकडं सारता सारता पोरीचं लग्नही उरकलं. बाई मोठी खमकी. वॉर्डात कुणी आवाज चढवला की हिचा दुप्पट चढायचा. पण दवाखान्याच्या गच्चीवर ती काचेची पेटी बसली आणि बाईचं अवसानच गळालं.

दुष्काळाचं साल होतं, सरपण मिळेना. वरून हुकूम आला की सरकारी इमारतींत लाकूड जाळू नका, जमेल तिथं पाणी उन्हावर तापवा. काचेखाली काळ्या नळ्या, शेजारी टाकी आणि खाली न्हाणीत एक तोटी. पेटी बसवायला नगरहून आलेले ओव्हरसियर उत्तमराव रतनबाईला म्हणाले, "हे पाणी भाजतं बरं का बाई. बादलीत आधी गार घ्यायचं, मग वरून गरम. उलटं करायचं नाही."

रतनबाई दोन पावलं मागं सरली. "अवो सायेब, तसं तर मयताला करत्यात!"

उत्तमराव हसले. हसायला त्यांचं काय जातंय? जित्या माणसाचं पाणी म्हणजे आधी कढत आणि मग त्यात गाराचं विसण. गारात कढत ओतायचं ते मेलेल्याच्या आंघोळीला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रतनबाईचा पहिला मुलगा तान्हेपणीच तापानं गेला, तेव्हा तिच्या सासूनं असंच पाणी केलं होतं. ते बघितलेली आई हा हुकूम पाळेल होय! तिनं मान डोलावली आणि न्हाणीत आपलंच चालू ठेवलं. आधी तोटीचं कढत घ्यायची, मग अंगणातल्या पिंपातून गार आणून विसण घालायची. साहेबाला कळलं तर काम जाईल, ही धास्ती होतीच. पण देव कोपला तर काय जाईल, ही धास्ती त्याहून मोठी.

अशातच विमल बाळंतपणाला आली. मुलगा झाला. नातवाला आंघोळ घालायला नेवाशाहून विहीणबाई आल्या, साळूबाई. पाट मांडून, पाय पसरून, पोराला नडगीवर पालथं घेऊन बसल्या. रतनबाईनं तोटीखाली बादली भरली. "इसण आणते विहीणबाई, हात लावू नका," म्हणाली आणि अंगणात गेली.

आता विसण कशाला, असं साळूबाईंच्या मनात आलं. घरोघरी तान्ह्याचं पाणी उन्हात ठेवतात, ते कोमट होतं आणि तसंच अंगावर घालतात. हेही उन्हाचंच की! वाफ नाही, धूर नाही, जाळ नाही. त्यांनी दांड्याच्या मगात पाणी घेतलं.

गार पाण्याची बादली घेऊन रतनबाई दारात आली, तेव्हा साळूबाईंच्या हातातला मग पोराच्या पाठीवर कलत होता.

"अगं बया!" बादली तिथंच टाकून ती झेपावली आणि तिनं पोराच्या पाठीवर आपला हात आडवा धरला. कढत पाणी मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं. साळूबाईंच्या पायावर चार शिंतोडे उडाले तशा त्या बोंबलल्या. पोराला थेंबही लागला नाही.

"मेले गं आई! हे उन्हाचं पाणी?" साळूबाई रडकुंडीला आल्या. "तुमी सांगायचं तरी!"

रतनबाई पोराची पाठ चाचपत होती. हाताची कातडी लालभडक झाली होती, पण तिला हाताचं भानच नव्हतं. बादलीत आधी गार असतं तर हे झालंच नसतं. साहेबानं सांगितलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं. आणि पोर कुणाचं? विमलचं.

आरडाओरडा ऐकून विमल भिंतीला धरत धरत आली. "आई, हात बघ तुझा! मलम लाव आधी."

"मलम मग."

रतनबाईनं पुन्हा अंगणातून पाणी आणलं. बादलीतलं कढत सांडून तिच्यात आधी गार ओतलं. साळूबाईंनी तोंडावर पदर घेतला, "विहीणबाई, काय करताय हे, जित्या पोराला!" रतनबाईनं वरून कढत सोडलं, कोपर बुडवून पाहिलं, पोराला आपल्या पायांवर घेतलं आणि मनातल्या मनात मोहट्याच्या देवीला हाका मारत पहिला मग घातला.

पोर गप्प. कोमट पाणी त्याला बरं वाटलं असावं. डोळे मिटले, अंग सैल सोडलं, मुठी उघडल्या. ना हूं ना चूं.

रतनबाईला वाटलं, मयताचं पाणी लागलं! तिनं पोराला हलवलं. ते तसंच निवांत. मग तिनं भाजल्या हातानं त्याच्या ढुंगणाला असा करकचून चिमटा काढला की पोरानं वॉर्ड डोक्यावर घेतला.

"आई! येडी झालीस का? वळ उठला त्याला!" विमल ओरडली.

"उठू दे," रतनबाई ढसाढसा रडत म्हणाली, आणि तिनं दुसरा मग घातला.