सुरुंगाचे शुद्धीकरण

बेचाळीसच्या चळवळीत आम्ही सात जण कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या रानात लपून होतो. मुंबईला वीज नेणारा एक मनोरा पाडायचा, एवढाच बेत. सुरुंगाच्या कांड्या आणि वाती थोरल्या भावाने घरी भाताच्या कणगीत दडवल्या होत्या. भाऊ आमचा म्होरक्या.

पोलीस वेशीशी दिसले तेव्हा घरात वहिनी एकटी होती. तिने सारे सामान गोधडीत गुंडाळले, ओटीच्या कोपऱ्यात त्यावर बसली आणि आपण 'बाहेरची' असल्याचे सांगितले. हवालदाराने कणगी उपसली, चूल उकरली. त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही. पुढे पोलिसांचा तळ चावडीवरच पडला. म्हणून दोन रात्री ती त्या कांड्यांवर झोपली. तिसऱ्या दिवशी गोधडी धुण्याच्या निमित्ताने निघाली. शिपायांनी आपणहून वाट सोडली.

रानात येऊन तिने गोधडी उलगडली. ती 'बाहेरची' असल्याची खबर गावातून आमच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. कोणीही हात पुढे केला नाही.

"तिसराच दिवस ना गं?" भावाने विचारले.

"अवो, खोटं हाय ते! पोलिसांसाठी बोलले."

"खोटं असंल. पन चार मान्सांत बोललीस ना?"

"मंग शिपाई बरे. त्यांनी निदान खरं समजून इटाळ धरला."

गोमूत्र रानात मिळेना, तेव्हा झऱ्याच्या पाण्यावर तडजोड झाली. शिंपडण्याचे काम माझ्याकडे आले.

"भावजी, वाती भिजतील," ती म्हणाली.

मी शिंपडले. साम्राज्य उलथायला निघालेल्या सात पुरुषांपैकी एकालाही त्यात वावगे दिसले नाही.

सांजेला वात फुरफुरली आणि विझली. मनोरा जागचा हलला नाही. परतताना भाऊ म्हणाला, "बाईचा हात लागला, तवाच समजलो." कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

स्वातंत्र्यानंतर कर्जतला आमचा सत्कार झाला. भाषणात भावाने त्या दिवसाचे अपयश दवावर ढकलले. वहिनी मागे बायकांत बसून ऐकत होती. घरी पोहोचल्यावर तिने शाल-नारळ उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावले आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतले.

"हे काय गं?" भाऊ ओरडला.

"चार मान्सांत खोटं बोलून आलात. शुद्ध नको करायला?"

शाल वाळायला दोन दिवस लागले.